अनुदानाचा हिशेब: पहिल्या हप्त्यापासून प्रकल्प बंद होईपर्यंत

सामाजिक संस्थांचं अनुदान अडकतं ते बहुतेक वेळा अगदी साध्या कारणांनी. खर्च खरा असतो, पण अंदाजपत्रकातल्या चुकीच्या शीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या चुकीच्या गटात, टाकलेला असतो. बिल खरं असतं, पण करार सुरू होण्याच्या आठ दिवस आधीचं असतं. प्रशिक्षण झालेलं असतं, जेवण साठ जणांचं लागलेलं असतं आणि हजेरीपटावर सह्या एकेचाळीस असतात. अपहाराची प्रकरणं बातम्यांत येतात. हप्ते रखडतात ते या असल्या गोष्टींवर.

खालचं सगळं लहान-मध्यम संस्थेचे कार्यवाह, कोषाध्यक्ष आणि प्रकल्प समन्वयक यांच्यासाठी आहे. हाताशी एक उदाहरण ठेवू. समजा, एका न्यासाला कंपनीच्या सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) निधीतून दहा गावांत संध्याकाळच्या अभ्यासिका चालवायला १२ महिन्यांसाठी २२,००,००० रुपये मंजूर झाले. अंदाजपत्रक असं:

- शिक्षिकांचं मानधन: १० × ६,००० × १२ = ७,२०,०००
- दोन पर्यवेक्षक: २ × १५,००० × १२ = ३,६०,०००
- समन्वयक: २८,००० × १२ = ३,३६,०००
- शैक्षणिक साहित्य: ३०० मुलं × ८०० = २,४०,०००
- कपाट आणि फळा: १० गावं × १४,००० = १,४०,०००
- शिक्षिकांची प्रशिक्षणं: ४ × ३५,००० = १,४०,०००
- प्रवास: ९,००० × १२ = १,०८,०००
- बाहेरच्या तज्ज्ञाकडून मूल्यमापन: ६०,०००
- लेखा व प्रशासन: ८,००० × १२ = ९६,०००

करारावर सही करण्याआधी

वरच्या यादीत एक खड्डा आहे. कपाट-फळ्याचे १४,००० दुकानदाराने तोंडी सांगितलेल्या भावावरून धरले असतील, तर त्यात जीएसटी नसण्याचीच शक्यता जास्त. १८ टक्क्यांनी एका गावामागे २,५२० आणि दहा गावांचे मिळून २५,२०० रुपये कमी पडतात. बहुतेक संस्थांना भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, त्यामुळे तो पूर्ण खर्चच असतो. अंदाजपत्रकातला प्रत्येक दर करासकट आहे ना, हे सहीआधी एकदा बघून घ्या. नंतर हे पैसे कुणी देत नाही.

सामंजस्य करारात पाच गोष्टी शब्दशः वाचाव्यात: प्रकल्पाच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख, हप्ते कशावर सुटणार, एका शीर्षातून दुसऱ्यात किती रक्कम विनापरवानगी हलवता येते, बँकेच्या व्याजाचं काय करायचं आणि शिल्लक राहिली तर कुणाची. कंपनीचे अधिकारी 'ते बघू नंतर' म्हणतात तेव्हा त्यांचा हेतू वाईट नसतो, पण वर्षभरात त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसतं. जे बोलणं झालं ते त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवावं.

प्रशासकीय खर्चावरून हमखास वाद होतो. सीएसआर नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कामकाजाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात मोडत नाही. 'कायद्याने पाचच टक्के देता येतात' असं सांगून समन्वयकाचा पगार कापायला कुणी निघालं, तर हा फरक नम्रपणे दाखवून द्यावा.

कागदपत्रांत सीएसआर-१ अर्जावरून मिळालेला नोंदणी क्रमांक, पॅन आणि आयकर विभागाकडची नोंदणी ही तर लागतातच. महाराष्ट्रातल्या न्यासांची गाडी मात्र अडते धर्मादाय कार्यालयात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. तो राहून जातो, किंवा दाखल होऊन वर्षानुवर्षं पडून राहतो. करारावर सही नव्या कार्यवाहांची आणि परिशिष्ट १ च्या (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीच्या) उताऱ्यावर नाव जुन्यांचं, असं दिसलं की देणगीदाराचा विधी विभाग फाइल थांबवतो. बदल अर्जाची पोच, निवडीच्या सभेचं इतिवृत्त आणि करारावर सही करण्याचे अधिकार देणारा विश्वस्त मंडळाचा ठराव हे तिन्ही कागद एकत्र जोडून ठेवावेत.

हप्त्यांचं गणित

४०-४०-२० अशी हप्त्यांची वाटणी सर्रास सुचवली जाते. आपल्या उदाहरणावर ती लावून बघा. पहिला हप्ता ८,८०,०००. मानधन, पगार, प्रवास आणि प्रशासन मिळून दर महिन्याचा ठरलेला खर्च १,३५,०००. त्याशिवाय साहित्य, कपाटं आणि पहिलं प्रशिक्षण सुरुवातीलाच येतं, त्याचे ४,१५,०००. तिसऱ्या महिन्याअखेर ८,२०,००० गेलेले असतात आणि हातात उरतात ६०,०००. चौथ्या महिन्याला लागणार १,३५,०००.

आता अट बघा: 'आधीच्या हप्त्याचे ८० टक्के खर्च झाल्यावर पुढची मागणी करावी.' ८० टक्के म्हणजे ७,०४,०००. दुसऱ्या महिन्याअखेर खर्च होतो ६,८५,०००, म्हणजे अट १९,००० ने हुकते आणि मागणी तिसऱ्या महिन्याच्या शेवटावर जाते. अहवाल, तपासणी, कंपनीची अंतर्गत मंजुरी यांत दोन महिने सहज जातात. म्हणजे पैसे पाचव्या महिन्याअखेर आणि मधले दोन महिने शिक्षिका बिनमानधनाच्या. सहा हजारांवर काम करणारी बाई दोन महिने थांबत नाही; गावातली अभ्यासिका बंद पडते.

या प्रकल्पाला पहिला हप्ता ५० टक्के हवा. ११,००,००० मध्ये पाचव्या महिन्याअखेरपर्यंतचे १०,९०,००० निघतात. सोबत मागणीची अट ७० टक्क्यांवर आणावी. हे कोष्टक करून करारापूर्वीच पुढे ठेवलं तर समोरचे बहुतेकदा मान्य करतात. आकडे न मांडता नुसतं 'जरा जास्त द्या' म्हटलं तर कुणी ऐकत नाही.

खातं आणि व्हाउचर

शक्य तर अनुदानाचं बँक खातं स्वतंत्र असावं. ते शक्य नसेल तर टॅलीत (हिशेबाच्या संगणक प्रणालीत) प्रत्येक अनुदानाचं वेगळं कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्चाचा वेगळा कप्पा, उघडावा आणि अंदाजपत्रकातली शीर्षं जशीच्या तशी, त्याच नावांनी, खातेवहीत घ्यावीत. देणगीदाराच्या कागदावर 'शैक्षणिक साहित्य' आणि टॅलीत 'छपाई व स्टेशनरी' असलं की वर्षअखेरीला कोणता खर्च कशात गेला हे आठवत बसावं लागतं. एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्यात 'तात्पुरते' वळवणं ही सगळ्यात घातक सवय. परत टाकले तरी बँक पासबुकात ती नोंद कायमची राहते.

एक व्हाउचर, म्हणजे खर्चाच्या नोंदीचा कागद, जवळून बघू. गुरुवारी शिक्षिकांचं प्रशिक्षण झालं, चहा-नाश्ता-जेवणाचं बिल ४,८०० रुपये. व्हाउचरला काय काय जोडलेलं हवं? संस्थेच्या नावाचं, क्रमांक आणि तारीख असलेलं मूळ बिल, त्यावर किती जणांचं आणि काय दराने हे लिहिलेलं, त्या दिवसाचा सह्यांचा हजेरीपट, कार्यक्रमपत्रिका, समन्वयकाची शिफारस आणि मंजुरी देणाऱ्याची सही. शिफारस करणारा, मंजुरी देणारा आणि पैसे सोडणारा असे तीन वेगळे हात हवेत. संस्था लहान असली तरी किमान दोन. बिलावर ठळक शिक्का मारावा: प्रकल्पाचं नाव, शीर्ष, 'अदा' आणि तारीख. एकच बिल दोन देणगीदारांना दाखवलं जाण्याचा धोका या शिक्क्याने जवळपास संपतो. चुकून झालं असलं तरी ते फसवणूक म्हणूनच वाचलं जातं. रोखीने ५,००० रुपयांवर दिलेल्या रकमेच्या पावतीवर एक रुपयाचं महसूल तिकीट लावून त्यावरून सही घ्यावी.

रोखीचं सूत्र सोपं आहे: मानधन आणि दुकानदाराचं देणं थेट खात्यावर, रोख फक्त रिक्षा-चहा-झेरॉक्सपुरती. किरकोळ रोकड ५,००० ते १०,००० च्या वर ठेवू नये आणि ती आठवड्यातून एकदा मोजावी. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर आयकराच्या हिशेबात तो खर्च धर्मादाय कामावरचा म्हणून धरला जात नाही. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून इथे क्रमांक न देता नियमाचा आशय दिला आहे.

मूल्यमापनाचे ६०,००० देताना आणखी एक गफलत होते. तज्ज्ञाच्या शुल्कातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापून ५४,००० खात्यावर जातात आणि अहवालात ५४,००० च खर्च म्हणून लिहिला जातो. खर्च ६०,००० चा आहे; ६,००० पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारजमा करायचे असतात. उशीर झाला तर लागणारं व्याज अनुदानात टाकता येत नाही, ते संस्थेच्या खिशातून जातं.

खरेदीसाठी तीन दरपत्रकं मागवायची, हे सगळ्यांना माहीत असतं. तपासणाऱ्यालाही ती जमवलेली कशी ओळखायची ते माहीत असतं: तिन्ही एकाच तारखेची, एकाच टंकात, 'कपाट' या शब्दातली चूकसुद्धा सारखीच. गावात एकच दुकान असेल तर तसं टिपण लिहून, तालुक्याच्या ठिकाणचा भाव फोनवर विचारून नोंदवून खरेदी केलेली परवडली. विक्रेता विश्वस्तांचा नातेवाईक असेल तर ते सभेत सांगावं, इतिवृत्तात यावं आणि त्या विश्वस्ताने निर्णयात भाग घेऊ नये.

दर महिन्याचा ताळा

देखरेखीचं खरं काम महिन्यातून एकदा, दोन तासांचं आहे. दर महिन्याच्या ५ ते ७ तारखेला कोषाध्यक्ष, लेखापाल आणि समन्वयक यांनी एकत्र बसावं. आधी बँक ताळमेळ पत्रक: खातेवहीतली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक यांत फरक असेल तर तो कोणत्या धनादेशाचा किंवा जमेचा, हे नावानिशी. मग शीर्षवार तक्ता: मंजूर रक्कम, आजवर अपेक्षित, आजवर झालेला खर्च, फरक आणि फरकाचं कारण. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर बैठक व्यर्थ.

चौथ्या महिन्याअखेरचं उदाहरण घ्या. मानधनावर अपेक्षित २,४०,०००, झालेत १,६८,०००. फरक ७२,०००. लेखापालाच्या दृष्टीने ही बचत. समन्वयकाला विचारलं की कळतं, तीन गावांत शिक्षिकाच मिळालेली नाही, अभ्यासिका सुरूच नाहीत. आता साहित्याच्या शीर्षाकडे बघा: २,४०,००० पूर्ण खर्च. म्हणजे ३०० मुलांचे संच घेतले, वाटले २१०, आणि ९० संच कार्यालयातल्या कपाटात. साठा नोंदवहीत आवक ३००, जावक २१०, शिल्लक ९० अशी नोंद असेल आणि संच मोजून तेवढेच भरले, तर प्रश्न नाही. नोंदवहीच नसेल तर ७२,००० च्या साहित्याचा हिशेब तोंडी द्यावा लागतो. पैशाच्या तक्त्याला कामाचा तक्ता असा शेजारी लावल्याशिवाय यातलं काही दिसत नाही.

दोन प्रकल्पांत काम करणाऱ्या माणसाचा पगार कसा विभागायचा, हेही याच बैठकीत ठरावं. अर्धा-अर्धा पगार टाकायचा असेल तर महिन्याचं कामाच्या तासांचं पत्रक हवं, आणि ते त्या-त्या आठवड्यात भरलेलं हवं. मार्चमध्ये एकाच पेनाने बारा महिन्यांचं भरलेलं पत्रक लगेच ओळखू येतं.

गावात जाऊन काय बघायचं

प्रत्येक केंद्रावर तीन महिन्यांतून एक भेट न कळवता व्हावी. पोचल्यावर आधी मुलं मोजा, नंतर हजेरीपट मागा. उलट क्रमाने नको. हजेरीपटावर पोळ्याच्या किंवा गावजत्रेच्या दिवशी तीसपैकी तीस मुलं दिसली, तर तो रोज भरला जात नाही हे समजावं. मराठवाड्यात ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे बाहेर पडतात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा गावात नोव्हेंबर ते मार्च पट जराही हलत नसेल, तर एक तर गावाने मुलांना मागे ठेवायची सोय केली आहे, नाहीतर आकडे कार्यालयात बनले आहेत. दोन्हींपैकी काय ते चार घरं फिरलं की कळतं. आणि पट खरंच घसरत असेल तर ते देणगीदाराला आधीच कळवावं. स्थलांतराचा हंगाम अंदाजपत्रक करतानाच माहीत असतो, तो अहवालात अडचण म्हणून पहिल्यांदा उगवू नये.

कपाटं आणि फळे यांच्यावर प्रकल्पाचं नाव, वर्ष आणि क्रमांक रंगवून डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करावी. वस्तू शाळेत किंवा समाजमंदिरात ठेवली असेल तर ताबा घेणाऱ्याची सही असलेली पोच हवी. फोटो काढताना मुलांच्या पालकांची लेखी संमती घ्यावी. ठिकाण आणि वेळ उमटवणारं अॅप वापरलं तर पुढचे प्रश्न कमी होतात.

शीर्षात बदल

तीन गावांत शिक्षिका मिळत नाहीत, म्हणून वाचलेल्या ७२,००० मधून उरलेल्या सात गावांसाठी पुस्तकं घ्यावीत, असं समन्वयकाला वाटणं स्वाभाविक आहे. पण पत्र आधी, खरेदी नंतर. अनेक करारांत शीर्षाच्या १० टक्क्यांपर्यंत फेरफार विनापरवानगी चालतो. ते १० टक्के ज्या शीर्षातून रक्कम निघते त्याचे, की ज्यात जाते त्याचे? इथे मानधनाचे १० टक्के म्हणजे ७२,००० बसतात, पण साहित्याचे १० टक्के म्हणजे फक्त २४,०००. करारात स्पष्ट नसेल तर कमी आकडा धरून चालावं. परवानगी ईमेलवर आली तरी चालते, मात्र ती अधिकार असलेल्या माणसाची हवी आणि तिची प्रत व्हाउचरच्या फाइलला लागलेली हवी.

३१ मार्च जवळ आल्यावर

फेब्रुवारीत कंपनीचे फोन वाढतात, त्याचं कारण कायद्यात आहे. दिलेला निधी मंजूर कामासाठीच वापरला गेला, हे कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं. नुसते पैसे संस्थेकडे वळते केले म्हणजे कंपनीचा सीएसआर खर्च झाला असं धरत नाहीत. संस्थेने ते खर्च करावे लागतात. बहुवार्षिक प्रकल्प कंपनीच्या संचालक मंडळाने 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केला असेल तर शिल्लक रक्कम कंपनी ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवू शकते. तसा नसेल तर अडचण होते. म्हणून आपला प्रकल्प यातल्या कोणत्या प्रकारात आहे हे करारातच लिहून घ्यावं.

या घाईत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आगाऊ रक्कम खर्च म्हणून दाखवणं. छापखान्याला २८ मार्चला दिलेले ५०,००० हा आगाऊ भरणा आहे. वह्या आल्या आणि बिल आलं की तो खर्च. सनदी लेखापाल हे पकडतो, आणि एकदा पकडलं की उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दुरुस्त करून द्यावं लागतं.

सरकारी आणि परदेशी निधी असेल तर

केंद्र सरकारच्या अनुदानाला सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू होतात. उपयोगिता प्रमाणपत्र याच नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यायचं असतं. अनुदानावर मिळालेलं व्याज सरकारजमा करावं लागतं. 'प्रकल्पावरच वापरलं' हे उत्तर चालत नाही. अनुदानातून घेतलेली मालमत्ता परवानगीशिवाय विकता येत नाही. एनजीओ दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा क्रमांक आणि पीएफएमएस या सरकारी निधीच्या देखरेखीच्या प्रणालीवरची नोंदणी आधीच करून ठेवावी.

परदेशी देणगीत ढिलाईला जागाच नाही. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीपासून तो निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. त्या खात्यावरचं व्याजही परदेशी देणगीच समजलं जातं. परदेशी देणगीच्या हिशेबाचं वार्षिक एफसी-४ विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं असतं. देशी रक्कम चुकूनही या खात्यात जमा होऊ देऊ नये.

प्रकल्प बंद करताना

शेवटच्या तारखेच्या ४५ दिवस आधी न आलेल्या बिलांची यादी करावी. त्या तारखेनंतरच्या कामाचं बिल स्वीकारलं जात नाही. आधी झालेल्या कामाचे पैसे देणं तेवढं बाकी असेल तर ते देय म्हणून दाखवता येतं, त्यासाठी करारात किती दिवसांची मुदत आहे ते बघावं. शिल्लक रक्कम व्याजासकट काढून, परत करायची की पुढच्या टप्प्यात वापरायची याचं लेखी उत्तर घ्यावं. उरलेले संच आणि कपाटं कुणाकडे गेली याची हस्तांतर यादी करावी.

फाइलमध्ये मंजुरीपत्र, करार, फेरफाराच्या परवानग्या, व्हाउचर, हजेरीपट, भेटींच्या नोंदी, लेखापरीक्षण अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र याच क्रमाने लावून ती किमान १० वर्षं ठेवावी. सगळ्यात वर देणगीदाराचं 'हिशेब मान्य, प्रकल्प बंद' असं पत्र हवं. ते आपणहून सहसा येत नाही. अंतिम अहवालासोबत मजकूर तयार करूनच पाठवावा आणि सही होऊन येईपर्यंत दर पंधरा दिवसांनी आठवण करावी.